भोसरीची अर्ध्या पगाराची ऑफर घ्यावी का?

वय ४६, चाकणला १९ वर्षं क्वालिटीत, महिनाअखेर तिथला शेवटचा दिवस, आणि हातात भोसरीच्या एका छोट्या युनिटची, आठवड्याला सहा दिवस कामाची, अर्ध्या पगाराची ऑफर, घ्यावी का असं विचारलंय तुम्ही. मी म्हणेन काम घ्या, पण नोकरी म्हणून नको, दिवसावर घ्या.

कारण छोट्या युनिटला क्वालिटीचा एवढा अनुभवी माणूस रोज लागतच नाही. तो लागतो कस्टमर ऑडिट आलं की, आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या क्वालिटीचं सर्टिफिकेट टिकवायचं असलं की, नवीन पार्टचं पीपॅप, म्हणजे उत्पादनाआधीची कस्टमरची मंजुरी, अडकलं की, आणि हीच कामं तुम्ही इतकी वर्षं व्हेंडरकडून करून घेतलीयत. मालकाला सरळ सांगा, आठवड्यातले दोन दिवस येतो, दिवसाचे एवढे घेईन. सहा दिवस बसलात तर तो डिस्पॅचपासून बँकेपर्यंत सगळं तुमच्यावर टाकणार, इंटरव्ह्यूला जायला रजा मिळणार नाही आणि पुढचा एचआर तोच अर्धा पगार धरून आकडा सांगणार, असे फार जण बघितलेत मी. सुरुवातीला एकच मालक मिळेल, पैसेही रखडतील, म्हणून महिन्याच्या महिन्याला बिल द्या. वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची भानगड नाही.

तोवर घर चालायला ग्रॅच्युइटी आहे. राजीनामा लिहून घेतला तरी ती बुडत नाही. बेसिक ६० हजार म्हणालात, म्हणजे ६० हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले १९, साडेसहा लाखांच्या वर जाते, आणि ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासकट. होम लोनमध्ये लगेच भरून टाकू नका. कंपनीचा मेडिक्लेम संपायच्या आत त्याच इन्शुरन्स कंपनीकडे घरच्यांसाठी वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे बदली मागा, आईला शुगर आहे ना, वेटिंग पिरियड, म्हणजे जुन्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, परत पहिल्यापासून सुरू व्हायला नको.

आणि बायकोला फक्त 'कंपनीत जरा टेन्शन आहे' एवढंच सांगितलंय हे वाचून खरंच पोटात तुटलं हो. आजच सांगा, आकड्यांसकट सांगा, नातेवाइकांचं नंतर बघू, पण घरचा खर्च दोघांनी मिळून ठरवायचाय, तो एकट्याने मनात ठेवून रात्र रात्र जागण्यात काही अर्थ नाही.

ऑफिसचा फोन परत करायच्या आधी ओळखीच्या व्हेंडर मालकांचे नंबर स्वतःच्या वहीत उतरवून घ्या, कंपनीची ड्रॉइंग, फाइली काही घेऊ नका, आणि नोटीस पिरियडमध्येच त्यातल्या पाचसहा जणांना फोन करून महिनाअखेरपासून मोकळा आहे म्हणून सांगा.