वाचकांचे प्रश्न : कर्लिंग, शेवटच्या दगडाचा खेळ

हिवाळी ऑलिम्पिकमधील कर्लिंगचे सामने पाहून अनेक वाचकांनी पत्रे पाठवली आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. हा खेळ पहिल्यांदाच पाहणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : बर्फावरून एक दगड सोडायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे झाडत धावायचे, हे पाहून आमच्या घरात सगळे हसत सुटले. झाडण्याने खरोखर काही होते, की ती नुसती जुनी रीत आहे?

हसू येणे साहजिक आहे. पण एखादा सामना लक्ष देऊन पाहिला की झाडणाऱ्यांविषयीचे मत बदलते. कर्लिंगचा बर्फ आरशासारखा गुळगुळीत नसतो. सामन्यापूर्वी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून पृष्ठभागावर असंख्य फुगवटे तयार होतात आणि त्यांना ‘पेबल’ म्हणतात. दगडाचा तळही सपाट नसून खोलगट असतो, त्यामुळे त्याची फक्त काही मिलिमीटर रुंदीची कड या फुगवट्यांना टेकते. ब्रशने जोरात घासले की बर्फाच्या वरच्या थराचे तापमान किंचित वाढते, घर्षण कमी होते आणि दगड काही मीटर अधिक पुढे जातो.

दुसरा परिणाम दिशेवर होतो. दगड सोडताना खेळाडू मुठीला हलकासा पीळ देतो. दगड सावकाश गिरक्या घेत जातो आणि ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला वळत जातो. खेळाचे नाव या वळण्यावरूनच पडले असे मानतात. गंमत अशी, की टेबलावरून गोल फिरवत सोडलेला पेला याच्या अगदी उलट बाजूला वळतो, आणि दगड असा का वागतो यावर भौतिकशास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. झाडले की हे वळण कमी होते व दगड अधिक सरळ जातो. म्हणून पलीकडच्या टोकाला उभा असलेला कर्णधार ओरडत असतो, तो उत्साहाच्या भरात नव्हे. दगडाची रेषा त्याला समोरून दिसते, तर वेगाचा अंदाज झाडणाऱ्यांना येतो, आणि दगड थांबेपर्यंतच्या वीस-पंचवीस सेकंदांत या दोन्ही गोष्टींचा मेळ घालायचा असतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सुटला की खेळाडूच्या हाती काही उरत नाही. इथे दगड सुटल्यावर अर्धे काम सुरू होते. ब्रशच्या कापडाने दगडावर वाजवीपेक्षा जास्त ताबा मिळतो अशी तक्रार वाढल्यावर जागतिक संघटनेने 2016 मध्ये एकाच प्रकारचे कापड सक्तीचे केले, यावरूनच झाडण्याचे वजन कळावे.

प्रश्न : गुण कसे मोजतात? एका सामन्यात समोर एकच दगड असताना खेळाडूने तो उडवला आणि स्वतःचा दगडही बाहेर घालवला. समालोचक मात्र त्याचे कौतुक करत होते. हे काय गौडबंगाल आहे?

आधी मांडणी पाहू. पट्टी सुमारे 45 मीटर लांब आणि 5 मीटरपर्यंत रुंद असते व तिच्या दोन्ही टोकांना समकेंद्री वर्तुळे रंगवलेली असतात. या वर्तुळांना मिळून ‘हाउस’ म्हणजे घर म्हणतात. त्याचा व्यास 3.66 मीटर असतो. संघात चार खेळाडू असतात आणि प्रत्येक जण दोन दगड सोडतो. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड आळीपाळीने सोडून झाले की एक ‘एंड’ संपतो, आणि मोठ्या स्पर्धांत सामना दहा एंडांचा असतो.

गुण प्रत्येक एंडमध्ये एकाच संघाला मिळतात. केंद्राच्या सर्वांत जवळचा दगड ज्याचा, तो संघ जिंकला. आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षाही आत त्याचे जितके दगड असतील तितके त्याचे गुण. घराला स्पर्शही न करणारा दगड मोजला जात नाही. नियम एवढाच आहे. सगळी खुमारी आहे ती शेवटच्या, म्हणजे सोळाव्या दगडात. त्याला ‘हॅमर’ म्हणतात. जो संघ गुण मिळवतो त्याच्याकडून पुढच्या एंडचा हॅमर प्रतिस्पर्ध्याकडे जातो, आणि कोणालाच गुण मिळाला नाही तर तो आहे तिथेच राहतो.

आता आपण पाहिलेला प्रसंग घेऊ. समजा, नववा एंड चालू आहे, गुण बरोबरीत आहेत, हॅमर लाल संघाकडे आहे आणि घरात पिवळ्यांचा एकच दगड उरला आहे. लाल संघ तो उडवून आपला दगड तिथेच थांबवू शकतो. एक गुण जवळजवळ हमखास. पण मग दहाव्या एंडचा शेवटचा दगड पिवळ्यांच्या हाती जाईल आणि दोन गुण घेऊन ते सामना मारू शकतील. म्हणून लाल खेळाडू पिवळ्या दगडाला असा धक्का देतो की आपलाही दगड घराबाहेर जावा. एंड कोरा जातो, हॅमर लाल संघाकडेच राहतो आणि शेवटच्या एंडमध्ये एक गुण पुरेसा ठरतो. कौतुक झाले ते या न घेतलेल्या गुणाचे.

याच हिशेबातून बाकीचे डावपेच समजतात. हॅमर ज्याच्याकडे आहे त्याला एका गुणात समाधान नसते, त्याला दोन हवे असतात. ज्याच्याकडे नाही तो घरासमोर ‘गार्ड’ म्हणून दगड उभे करून मार्ग अडवतो आणि जमल्यास एखादा गुण चोरतो. हे गार्ड लगेच उडवले गेले तर खेळ कंटाळवाणा होतो. म्हणून एंडच्या पहिल्या पाच दगडांपर्यंत घरासमोरचा प्रतिस्पर्ध्याचा गार्ड खेळाबाहेर घालवता येत नाही. पूर्वी ही मर्यादा चार दगडांची होती. माझ्या मते गेल्या काही दशकांत या खेळात झालेला हा सर्वांत शहाणा बदल आहे.

प्रश्न : हे दगड साध्या ग्रॅनाइटचे असतात का?

ग्रॅनाइटचेच, पण कुठल्याही नव्हे. ऑलिम्पिकचे दगड स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग या निर्जन बेटावरच्या खडकाचे असतात. तिथला ‘ब्लू होन’ हा बारीक कणांचा दगड पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे गोठण्या-वितळण्याने त्याचे टवके उडत नाहीत आणि तो तळाच्या कडेसाठी वापरतात. ‘कॉमन ग्रीन’ हा दुसरा प्रकार टकरा सोसतो, म्हणून बाकीचा भाग त्याचा. एका दगडाचे वजन जास्तीत जास्त 19.96 किलो असते.

प्रश्न : पंच क्वचितच मध्ये पडताना दिसतात. मग वाद होत नाहीत का?

फारच थोडे. झाडताना ब्रश किंवा पाय स्वतःच्या संघाच्या चालत्या दगडाला लागला, तर ते खेळाडूने स्वतःहून सांगायचे असते, मग दुसऱ्या कोणी ते पाहिलेले असो वा नसो. दोन्ही टोकांच्या घरांपुढे पट्टीवर एकेक आडवी ‘हॉग रेषा’ आखलेली असते. पलीकडची हॉग रेषा ओलांडण्याआधी असा स्पर्श झाला तर दगड ताबडतोब काढून टाकतात. त्यानंतर झाला तर सगळे दगड थांबू देतात आणि पुढे काय करायचे ते प्रतिस्पर्धी संघ ठरवतो. कोणता दगड जवळ आहे हे डोळ्यांना कळेनासे झाले, तरच मापनाचे उपकरण आणतात. विजय हाताबाहेर गेला असे वाटले की हरणारा संघ वेळेआधीच हात पुढे करतो. उरलेले एंड ओढत नेण्यापेक्षा हे सभ्यपणाचे मानले जाते. स्कॉटलंडमध्ये 1541 मधील एका दस्तऐवजात बर्फावर दगड फेकण्याच्या सामन्याचे आव्हान नोंदवले आहे. नियम एकत्र बांधणारा क्लब मात्र 1838 मध्ये एडिंबरा येथे स्थापन झाला. मधली तीनशे वर्षे लोक हा खेळ गोठलेल्या तळ्यांवर आपापसांत मिटवून खेळत होते, आणि ती सवय अजून टिकून आहे.

प्रश्न : मला हा खेळ शिकायचा आहे, पण गुडघा दुखतो आणि खाली वाकता येत नाही. शक्य आहे का?

नेहमीची पद्धत गुडघ्यांची कसोटी पाहणारी आहे, हे खरे. उजव्या हाताचा खेळाडू ‘हॅक’ नावाच्या रबरी आधारावर उजवा पाय रोवतो, घसरता तळ असलेला डावा बूट पुढे सरकवतो, जवळजवळ जमिनीलगत होत दगडासोबत घसरत जातो आणि अलीकडच्या हॉग रेषेच्या आत मूठ सोडतो. नवशिक्यांची पहिली चूक एकच असते : ते दगड हाताने ढकलतात. वेग पायाच्या रेट्यातून येतो, हाताने फक्त दिशा आणि पीळ द्यायचा असतो. पहिल्या दिवशी दगडावर भार टाकून तोल सावरण्याचा मोह होतो, तोही टाळावा. दुसऱ्या हातातील ब्रशचा आधार घ्यावा.

वाकणे जमत नसेल तर लांब दांडीच्या टोकाला दगडाची मूठ अडकवून उभ्यानेच दगड सोडता येतो, आणि कित्येक ज्येष्ठ खेळाडू असेच खेळतात. चाकांच्या खुर्चीतील कर्लिंगमध्येही हीच दांडी वापरतात; 2006 च्या तुरिन पॅरालिम्पिकपासून त्याची पदके दिली जातात. त्या प्रकारात झाडणे मुळीच नाही. दांडीतून दगड सुटला की पलीकडच्या घरात तो कुठे थांबणार, ते ठरून गेलेले असते, आणि खेळाडूला खुर्चीत बसून फक्त पाहत राहायचे असते.