पतंग वाऱ्याने वाहून येतात, की स्वतः उडत येतात?

तुम्ही विचारलंय की संध्याकाळपर्यंत रिकामा असलेला कामगंध सापळा (मादीच्या गंधाचं आमिष लावलेला) सकाळी पतंगांनी भरलेला दिसतो, तर ते वाऱ्याने वाहून आले का? वाऱ्यावर आले हे खरं, पण नुसते वाहत नाही आले. कोणत्या रात्री निघायचं हे पतंग बरंचसं स्वतः ठरवतो.

अंधार पडताना बॅटरी घेऊन पिकात उभे राहा. मी अनेकदा राहिलोय. उडण्याआधी पतंग पानावर बसल्या जागी पंख थरथरवत राहतो. त्याने छातीचे स्नायू तापतात. हवा गार असली की हे तापणं लांबतं, फार गारठा असला तर तो उडतच नाही. थंडीच्या रात्री सापळे ओस पडतात ते बहुतेक यामुळेच.

निरभ्र रात्री जमीन निवते, तिला लागलेली हवाही निवते. पण दोन-चारशे मीटर वर ऊब टिकते आणि तिथला वारा रात्री उलट जोर धरतो. लांबवर जाणारे पतंग नेमके त्या थरात चढतात. इंग्लंडमध्ये सरळ वर रोखलेल्या रडारने ‘सिल्व्हर वाय’ या पतंगाचा माग काढला, तेव्हा दिसलं की वारा हव्या त्या दिशेचा नसेल तर उंच जाणारे पतंग फारच थोडे असतात. वारा थोडा तिरका असेल तर ते अंगाचा रोख वळवून काही फरक भरूनही काढतात. मला हे अजूनही थक्क करतं. स्वतःच्या बळावर ताशी १५-२० किलोमीटर जाणारा जीव असा वारा गाठून एका रात्रीत काही शे किलोमीटर कापतो.

मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीच्या पतंगाला तर हे करावंच लागतं. या किडीला सुप्तावस्था (थंडीत निपचित पडून राहणं) नाही, कडक थंडीत ती मरते. उत्तर अमेरिकेत ती हिवाळ्यात फ्लोरिडा-टेक्ससच्या दक्षिण टोकाला तगते आणि तिथून दरवर्षी पिढ्यापिढ्यांनी कॅनडापर्यंत पोहोचते.

आता सापळा एका रात्रीत ‘एकदम’ का भरतो? बऱ्याचदा पावसामुळे. वादळी ढगाखालून सुटलेला गार वारा समोरच्या वाऱ्याला भिडतो, त्या पट्ट्यात उडते पतंग गोळा होतात आणि पावसाबरोबर खाली उतरतात. पूर्व आफ्रिकेतल्या लष्करी अळीचे मोठे उद्रेक असेच होतात. त्याच पावसाने कोवळं गवतही उगवतं, म्हणजे अळ्यांचं जेवण तयार.

आणि एक लक्षात घ्या, कामगंध सापळ्यात फक्त नर येतात. माद्या पिकातच असतात. अमेरिकन लष्करी अळीचा सापळा असेल तर दुसऱ्याच दिवसापासून पानं उलटून बघा. करड्या केसांनी झाकलेले अंड्यांचे पुंजके सापडतील. उबदार हवेत ते दोन-तीन दिवसांत फुटतात, आणि अळी एकदा मक्याच्या पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) शिरली की फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.