फायबरच्या लेपात एरंडेल: आतला थर की बाहेरचा?

प्रश्न: विशेष ऑप्टिकल फायबरच्या काचेवर चढणाऱ्या दोन थरांच्या लेपातील आतल्या मऊ थरासाठी एरंडेलापासून युरेथेन ॲक्रिलेट (प्रकाशात घट्ट होणारे) रेझिन केले. पापुद्रा फार कडक येतो आणि आत बारीक बुडबुडे दिसतात. कुठे चुकते? (संशोधक विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर: आधी बुडबुडे. तेलातला ओलावा आयसोसायनेटला (तेलाशी जुळून युरेथेन बनवणाऱ्या रसायनाला) भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि घट्ट रेझिनमध्ये अडकून बसतो. तेल निर्वातात 90 ते 100 अंशांवर दोनेक तास वाळवा. अभिक्रिया 60-70 अंशांवर ठेवा आणि भांड्यात नायट्रोजन नव्हे, कोरडी हवा सोडा: एमईएचक्यू हा रोधक (रेझिन अवेळी गोठू न देणारा पदार्थ) ऑक्सिजनशिवाय काम करत नाही, आणि रेझिन भांड्यातच गोठते. शेवटी शिल्लक आयसोसायनेट 0.1 टक्क्याखाली आले का ते टायट्रेशनने बघा. काम फ्यूमहूडमध्येच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटातच) करा. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना फार घातक आहे.

कडकपणा मात्र एरंडेलाच्या रचनेतच आहे. त्याच्या रेणूवर सरासरी 2.7 हायड्रॉक्सिल गट असतात. सगळ्यांवर ॲक्रिलेट बसवले की जाळे दाट विणले जाते. आतल्या थराला साधारण 1 मेगापास्कल किंवा त्याहून कमी मापांक (ताठपणाचे माप) लागतो, बाहेरच्याला 1 गिगापास्कलच्या आसपास. आतला थर कडक झाला तर बाहेरचा दाब थेट काचेवर जातो, सूक्ष्म वाक पडतात आणि थंडीत सिग्नलची घट वाढते.

म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे: हे रेझिन आधी बाहेरच्या थरात वापरा. काचेचा व्यास 125 मायक्रॉन, आतल्या लेपासह 190, बाहेरच्यासह 245, म्हणजे आकारमानाने लेपाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरच्या थरातच असतो. जोडीला आयसोबॉर्निल ॲक्रिलेट घ्या. ते टर्पेंटाइनपासून बनवता येते आणि कडकपणाही देते.

75 मायक्रॉनचा पापुद्रा ओढून 395 नॅनोमीटरच्या एलईडीखाली, इथे मात्र नायट्रोजनमध्ये, पक्का करा. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभाग चिकट ठेवतो. टीपीओ हा प्रकाश-आरंभक (प्रकाश पडताच रेझिन घट्ट करायला लावणारा पदार्थ) टाळा. युरोपीय संघाने 2023 मध्ये तो अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातला. एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) 810 प्रति सेंटीमीटरचे, म्हणजे न जुळलेल्या ॲक्रिलेटचे, शिखर किती उरले ते मोजा. मग नमुना 85 अंश, 85 टक्के आर्द्रतेत 30 दिवस ठेवा. एरंडेलातले एस्टर बंध पाण्याने तुटतात आणि दुहेरी बंधांमुळे पिवळेपणा येतो. खरी परीक्षा इथेच होते. फायबरवर लेप चढल्यावर तो सोलायला लागणारे कमाल बल 1.0 ते 8.9 न्यूटनमध्ये हवे.

प्रश्न: उष्ण ठिकाणच्या फायबर सेन्सरसाठी पॉलिइमाइडऐवजी (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकऐवजी) पर्यावरणस्नेही लेप मिळेल का? (अभियंता, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: सतत 300 अंश असतील तर वनस्पतिजन्य ॲक्रिलेट विसरा. पॉलिइमाइडच घ्या, पण त्यातला एनएमपी द्रावक प्रजननाला घातक असल्याने वाफ पकडण्याची सोय पुरवठादाराकडे आहे का ते विचारा. मात्र प्रत्यक्ष तापमान आधी मोजा: 150 अंशांपर्यंत उच्च तापमानाचे ॲक्रिलेट आणि 200 पर्यंत सिलिकोन पुरते, आणि दोन्ही द्रावकाशिवाय चढवता येतात.