ग्रॅज्युएशन रेट वाचताना : एका तरुण सहकाऱ्यास पत्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूशनल रिसर्च (विद्यापीठाची स्वतःचीच आकडेवारी अभ्यासणाऱ्या) कार्यालयात तुला काम मिळाले आणि पहिल्याच महिन्यात ग्रॅज्युएशन रेट (किती जण पदवी घेतात) व रिटेन्शन रेट (किती जण दुसऱ्या वर्षी परत येतात) यांचा वार्षिक अहवाल तुझ्या गळ्यात पडला, हे वाचून मला आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. आनंद अशासाठी की, एखाद्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाची नाडी ओळखायला यापेक्षा चांगले काम नाही. काळजी अशासाठी की, हे दोन्ही आकडे दिसायला अगदी सरळ असतात, कुलगुरूंपासून वार्ताहरांपर्यंत प्रत्येकाला ते कळल्यासारखे वाटतात, आणि म्हणूनच त्यांचा अर्थ लावण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. तू विचारले आहेस की सुरुवात कोठून करावी. माझे उत्तर एवढेच आहे, की टक्केवारीकडे पाहण्याआधी तिच्या छेदाकडे पाहा. अंशाची भांडणे नंतर करता येतात. छेदात कोण आहे आणि कोण नाही, हे ठरले की निम्मा अहवाल लिहून झाला.

अमेरिकेत हे दर जाहीर करणे विद्यापीठांवर बंधनकारक झाले ते १९९० च्या स्टुडंट राइट-टू-नो कायद्याने, आणि आज ज्या व्याख्या सगळीकडे वापरल्या जातात त्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या आयपेड्स या माहितीसंकलनातून आल्या आहेत. या व्याख्येनुसार तुकडीत, म्हणजे एकाच वर्षी दाखल झालेल्या ज्या विद्यार्थ्यांवरून दर काढतात त्या गटात, मोजला जाणारा विद्यार्थी महाविद्यालयीन शिक्षणाला प्रथमच आलेला असावा लागतो, पदवीच्या उद्देशाने आलेला असावा लागतो, पूर्णवेळ असावा लागतो, आणि त्याने फॉल, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात (किंवा लगतच्या उन्हाळी सत्रात येऊन फॉलमध्ये) नोंदणी केलेली असावी लागते. ही तुकडी एकदा गोठवली की तिच्यात नवे नाव घालता येत नाही. मृत्यू, कायमचे अपंगत्व, सैन्यसेवा, पीस कोअरसारखी सरकारी परदेशसेवा किंवा चर्चचे अधिकृत मिशन एवढ्याच कारणांनी नाव वगळता येते. पूर्णवेळ म्हणून आलेला मुलगा दुसऱ्या वर्षी नोकरीमुळे अर्धवेळ झाला, तरी तो तुकडीतच राहतो. ग्रॅज्युएशन रेट म्हणजे या तुकडीपैकी किती जणांनी अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या काळाच्या दीडपट काळात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांत, त्याच विद्यापीठातून पदवी घेतली ते प्रमाण. रिटेन्शन रेट म्हणजे पहिल्या फॉलला आलेल्यांपैकी पुढच्या फॉलला त्याच विद्यापीठात परत आलेल्यांचे प्रमाण.

‘त्याच विद्यापीठात’ हे शब्द दोन्ही व्याख्यांत आहेत, ते नीट लक्षात घे. दोन वर्षे उत्तम गुण मिळवून दुसऱ्या राज्यातील विद्यापीठात गेलेली आणि तेथे वेळेत पदवीधर झालेली मुलगी तुमच्या हिशेबात अपयश म्हणून नोंदली जाते. उलट कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयातून) तिसऱ्या वर्षाला आलेला, तुमच्याच वर्गांत शिकून तुमचीच पदवी घेऊन गेलेला विद्यार्थी या दरात अंशातही नाही आणि छेदातही नाही. पदवीदान समारंभात तो रांगेत उभा असतो, आकड्यात मात्र त्याचे अस्तित्व नसते. खासगी निवासी महाविद्यालयात असे विद्यार्थी थोडे असतील. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात बाहेरून आलेले, अर्धवेळ शिकणारे आणि स्प्रिंग, म्हणजे जानेवारीच्या सत्रात सुरुवात करणारे मिळून इतके होतात की त्यांना सोडून काढलेल्या दराला ‘विद्यापीठाचा दर’ म्हणणे मला धाडसाचे वाटते. ही उणीव पुष्कळ वर्षे सर्वांना ठाऊक होती. म्हणूनच २०१५-१६ पासून आयपेड्समध्ये ‘आउटकम मेझर्स’ हा वेगळा भाग आला. त्यात प्रथमच आलेले व बाहेरून आलेले, पूर्णवेळ व अर्धवेळ असे चार गट करून चार, सहा आणि आठ वर्षांनंतरची स्थिती द्यावी लागते, आणि पदवी न घेतलेल्यांपैकी कोण अजून शिकत आहे, कोण दुसरीकडे गेले, हेही सांगावे लागते. अहवालात हा तक्ता परिशिष्टात ढकलण्याची प्रथा आहे. तू तो मुख्य दराच्या शेजारी ठेव. गेलेल्यांचा मागोवा घेण्यासाठी नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसची (देशभरातील महाविद्यालयांच्या विद्यार्थी-नोंदी एकत्र ठेवणाऱ्या संस्थेची) जुळवणी मागव; सोडून गेलेल्यांची यादी तिच्याशी ताडून पाहिल्यावर ‘गळती’ या एकाच शब्दाखाली शिक्षणच सोडणे आणि दुसऱ्या विद्यापीठात जाणे अशा दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपल्या होत्या, हे प्रत्येक वेळी दिसते.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे माझ्या मनाचे आहेत, पण मांडणी खऱ्यासारखीच आहे. समजा, गोठवलेल्या तुकडीत ६,०२० विद्यार्थी आहेत आणि वगळण्याजोगे २० निघाले, म्हणजे छेद ६,००० झाला. दुसऱ्या फॉलला ५,१६० परत आले, तिसऱ्या फॉलला ४,६८० आणि चौथ्या फॉलला ४,३८०. चार वर्षांत २,७०० जणांनी पदवी घेतली, पाच वर्षांत ३,७२० आणि सहा वर्षांत ४,०२० जणांनी. रिटेन्शन रेट ८६ टक्के, ग्रॅज्युएशन रेट ६७ टक्के. अहवालाच्या पहिल्या पानावर एवढेच छापले जाते. पण ज्या १,९८० जणांना पदवी मिळाली नाही ते केव्हा गेले, ते बघ. पहिल्या वर्षानंतर ८४०, दुसऱ्यानंतर ४८०, तिसऱ्यानंतर ३०० गेले, आणि ३६० जण चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यापर्यंत येऊनही पार झाले नाहीत. (मध्ये सत्र सोडून परत येणारे काही असतात, सोयीसाठी ते येथे धरलेले नाहीत, खऱ्या फाइलमध्ये मात्र धरावे लागतील.) म्हणजे रिटेन्शन रेट ज्यांच्याविषयी बोलतो त्या ८४० पेक्षा तो ज्यांच्याविषयी अवाक्षर काढत नाही ते १,१४० जास्त आहेत. तरीही बहुतेक विद्यापीठांचे सगळे लक्ष, समुपदेशक आणि पैसा पहिल्या वर्षावर एकवटलेला असतो, कारण मोजला जाणारा टप्पा तोच आहे.

त्या ३६० जणांची यादी मागव आणि एकेक ट्रान्सक्रिप्ट (विषय व गुणांची पूर्ण नोंद) उघडून वाच. कंटाळवाणे काम आहे, पण इतके शिकवणारे दुसरे काम या कार्यालयात नाही. कोणाचे पदवीला लागणाऱ्या १२० पैकी १११ क्रेडिट (अभ्यासाची मोजणी करणारी एकके) झालेले असतात आणि शेवटच्या सत्राचे शुल्क थकल्यामुळे नोंदणी अडवणारा होल्ड लागलेला असतो. कोणाचा एकच आवश्यक विषय राहिलेला असतो आणि तो विषय वर्षातून एकदाच, तोही दुपारी, शिकवला जातो. कोणी पाचव्या सत्रात मेजर (मुख्य विषय) बदललेला असतो आणि आधीचे क्रेडिट नव्या विभागात चालत नाहीत. आर्थिक मदतीच्या नियमांत बारा क्रेडिट घेणारा विद्यार्थी पूर्णवेळ धरला जातो. पण बारा क्रेडिटप्रमाणे आठ सत्रांत ९६ च होतात आणि १२० पुरे व्हायला दहा सत्रे लागतात. म्हणजे प्रत्येक नियम पाळणारा, एकदाही नापास न होणारा विद्यार्थीसुद्धा चार वर्षांत पदवीधर होऊ शकत नाही, आणि हे त्याला प्रवेशाच्या वेळी बहुधा कोणी सांगितलेले नसते. चार आणि सहा वर्षांच्या दरांतील अंतर पाहताना आळशी विद्यार्थ्यांची कल्पना करण्याआधी हा गुणाकार आठवावा.

अशा वाचनातून काय घडू शकते याचे ठळक उदाहरण अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचे आहे. २००३ मध्ये तेथील सहा वर्षांचा दर ३२ टक्के होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो पन्नाशीच्या पुढे गेला, आणि विशेष म्हणजे कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांचा दर बाकीच्यांच्या बरोबरीला आला. तेथे २०११ पासून थकबाकीमुळे नाव कमी होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना काहीशे ते दोन-अडीच हजार डॉलरची छोटी अनुदाने देण्यात आली, आणि २०१२ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींत आठशेहून अधिक धोक्याच्या खुणा रोज तपासून समुपदेशकांना सावध करण्याची व्यवस्था झाली. लोक या गोष्टीतले सॉफ्टवेअर उचलतात आणि त्याबरोबर नेमलेल्या समुपदेशकांना विसरतात. खूण दिसल्यावर फोन करायला माणूस नसेल तर ती खूण काय कामाची?

दुसरी गोष्ट काळाची. सहा वर्षांचा दर जाहीर होतो तेव्हा तो ज्या विद्यार्थ्यांबद्दल असतो ते सात वर्षांपूर्वी आलेले असतात. २०१४ च्या फॉलला आलेल्या तुकडीचा राष्ट्रीय दर ६४ टक्के निघाला (सार्वजनिक संस्थांत ६३, ना-नफा खासगी संस्थांत ६८, नफा कमावणाऱ्या खासगी संस्थांत २९), आणि तो मोजून पुरा होईपर्यंत २०२० उजाडले होते. म्हणून यंदा वाढलेल्या दराचे श्रेय मागच्या वर्षी सुरू झालेल्या योजनेला देणारे वाक्य कोणी तुझ्या मसुद्यात घालू पाहिले, तर ते नम्रपणे काढून टाक. चालू तुकडीचे काय चालले आहे हे कळण्यासाठी जवळच्या खुणा पाहाव्या लागतात: पहिल्या सत्रात घेतलेले आणि प्रत्यक्ष मिळवलेले क्रेडिट यांतील फरक, पहिल्या वर्षाच्या गणित व रसायनशास्त्रासारख्या विषयांत डी (काठावरची श्रेणी), एफ (नापास) किंवा विथड्रॉवल (विषय मध्येच सोडल्याची नोंद) मिळालेल्यांचे प्रमाण, आणि पुढच्या फॉलसाठी एप्रिलमध्ये नोंदणी न केलेल्यांची संख्या. यांपैकी शेवटची खूण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तेव्हा विद्यार्थी अजून आवारात असतो आणि त्याच्याशी बोलता येते.

तुलनेबद्दल तू खूप प्रश्न विचारले आहेत, त्यांचे थोडक्यात उत्तर देतो. प्रवेश सर्वांना खुला असलेल्या चार वर्षांच्या संस्थांमध्ये सहा वर्षांचा दर तीस टक्क्यांच्या आसपास असतो आणि चार अर्जदारांमागे एकापेक्षाही कमी जणांना प्रवेश देणाऱ्या संस्थांमध्ये तो नव्वदीच्या घरात जातो. शिक्षणाच्या दर्जाने एवढा फरक पडत नाही. आत कोणाला घेतले जाते यानेच त्यातला बराच भाग ठरतो. उच्च शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी अनेक वर्षे हेच मांडले, की विद्यार्थी येताना काय घेऊन आला ते हिशेबात धरून अपेक्षित दर काढावा आणि प्रत्यक्ष दर त्याच्याशी ताडावा. क्रमवारीतील शेजाऱ्यांशी तुलना टाळून आपल्यासारखेच विद्यार्थी घेणाऱ्या संस्थांशी ती कर. यातली मेख अशी की दर वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अडखळण्याची शक्यता असलेल्यांना दारातूनच परत पाठवणे. राज्याच्या करदात्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या विद्यापीठाने असे करून वाढलेल्या दराचा आनंद साजरा करावा, हे मला अशोभनीय वाटते. त्यामुळे दर वाढला की तुझा पहिला प्रश्न हाच असू दे, की या तुकडीतील विद्यार्थ्यांचे मिश्रण आधीच्या तुकडीसारखेच आहे का. प्रत्येक गटाचा दर जेथल्या तेथे असतानाही, केवळ गटांचे प्रमाण बदलल्याने एकूण दर दोन-तीन अंकांनी सहज हलतो.

गटवार तक्ते म्हणूनच आवश्यक आहेत. पेल अनुदान (अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी मदत) मिळणाऱ्यांचा दर आयपेड्सलाही वेगळा द्यावा लागतो. २०१४ च्या राष्ट्रीय तुकडीत स्त्रियांचा दर ६७ आणि पुरुषांचा ६० टक्के होता, तेव्हा तुमच्याकडेही ती दरी पाहावी. फक्त लहान गटांबाबत हात आखडता ठेव. अठरा जणांच्या गटात एका विद्यार्थ्याने पदवी घेतली वा न घेतली एवढ्याने दर साडेपाच अंकांनी बदलतो. तेथे तीन-चार तुकड्या एकत्र करून दर काढावा आणि तसे तक्त्यातच लिहावे. शिवाय फार लहान गटात माणूस ओळखू येतो, म्हणून तो आकडा झाकण्याचा तुमच्या कार्यालयाचा नियम काय आहे हे आधी विचारून घे.

पुढच्या आठवड्यात मसुदा पाठवशील तेव्हा चारही वर्षांच्या फॉलचा तक्ता त्यात असू दे, नुसता पहिल्या वर्षाचा नको. तुकडी कोणत्या तारखेच्या फाइलवरून गोठवली आणि वगळलेली नावे कोणत्या कारणांनी वगळली, ते प्रत्येक तक्त्याखाली लिही. त्या ३६० सारख्या यादीतून निदान पन्नास ट्रान्सक्रिप्ट वाचून झाल्याशिवाय ‘कारणे’ हा विभाग लिहायला घेऊ नकोस. तो कोरा ठेवून मसुदा पाठवलास तरी चालेल, बाकीचे मी तपासून देईन.

शुभेच्छांसह.