मनमोकळं : रात्री अडीचला उत्तर देणारा

या महिन्याच्या टपालात (टपाल म्हणायचं, आलं सगळं व्हॉट्सॲपवर) फोनमधल्या एआयशी मनातलं बोलण्याबद्दल इतकी पत्रं आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. नेहमीप्रमाणे नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही इंदुरात सुदामा नगरात राहतो. मुलगी तेवीस वर्षांची, बँकेच्या परीक्षांची तयारी करते. दिवाळीनंतर अन्नपूर्णा मंदिराकडून येताना कुत्र्याचं एक पिल्लू तिच्या पायाला घासून गेलं. चावलं नाही, ओरखडाही नाही. तरी डॉक्टरांना दाखवलं, लशीचा कोर्स पुरा केला. पण तिच्या डोक्यातून रेबीज जात नाही. आधी आम्हाला विचारायची, आता रात्र रात्र चॅटबॉटला विचारते. तिचे बाबा म्हणतात, त्या यंत्रानंच पोरीला वेड लावलं, फोन काढून घे. घेऊ का?

उत्तर : मुलीला विचारून तुम्ही त्या गप्पांचे फोटो पाठवलेत, हे बरं केलंत. पहिला प्रश्न रात्री पावणेबाराचा : चावा नसेल तर रेबीज होतो का? उत्तर ठीक आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. मग, लाळ सुकलेली असेल तर? मग, घोट्याजवळ डास चावला होता तिथं खाजवलं होतं, ती जखम धरायची का? मग, दवाखान्यातला फ्रीज वीज गेल्यावर बंद पडला असेल तर लस निकामी होते का? आणि अडीच वाजता परत पहिला प्रश्न, शब्दही न बदलता. दर उत्तराची सुरुवात ‘तुमची काळजी अगदी समजण्यासारखी आहे’ आणि शेवट ‘आणखी काही शंका असल्यास जरूर विचारा’. ती बिचारी विचारते.

तिच्या बाबांना सांगा, यंत्रानं वेड लावलेलं नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा मंत्रचळ दिसतो, ज्याला सगळे ओसीडी म्हणतात. बहुतेकांना तो पंचविशीच्या आतच सुरू होतो, आणि रेबीज हा आपल्याकडे त्याचा आवडता विषय. पक्कं निदान समोर बसवूनच होईल. सारखं हात धुणं घरच्यांच्या लक्षात येतं, सारखं विचारणं येत नाही. पण दोन्ही एकच. शंका आली, जीव घाबरा झाला, विचारलं, दहा मिनिटं बरं वाटलं. त्या दहा मिनिटांतून मेंदू एवढंच शिकतो की विचारल्यानं सुटका होते. म्हणून पुढची शंका लवकर येते आणि जास्त जोरानं येते. उत्तर बरोबर असलं तरी फरक पडत नाही, कारण प्रश्न माहितीचा नसतोच.

पूर्वी ही उत्तरं द्यायचं काम घरची माणसं करायची आणि चौथ्या खेपेला वैतागायची. ‘अगं किती वेळा सांगू, नाही होत!’ म्हणून कूस बदलून झोपायची. ते वैतागणं काही उपचार नव्हे, मुलीला लागतही असेल, पण त्यानं आपसूक एक कुंपण पडायचं. चॅटबॉटला वैताग नाही, झोप नाही, ‘आता पुरे’ नाही. एरवी हा गुण म्हटला असता. मंत्रचळाला मात्र तो खतपाणी घालतो.

१९६६ साली लंडनला व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं एक वेगळाच उपचार नोंदवला. दोन रुग्णांना त्यांनी त्यांच्या ठरीव क्रियाच करू दिल्या नाहीत, भीती वाटत असेल तर वाटू दिली. भीती चढली आणि आपली आपण उतरली. आज आम्ही मंत्रचळावर वापरतो ती पद्धत त्यातूनच आली. माझ्या खोलीत पेशंट विचारतो, ‘ताई, नक्की नाही ना होणार?’ आणि मी उत्तर देत नाही. उत्तर मला माहीत असतं. ते न देण्याचेच मी पैसे घेते.

तेव्हा फोन हिसकावू नका. हिसकावलात तर ती तुम्हाला विचारेल, मावशीला विचारेल, मेडिकलवाल्याला विचारेल. दुपारी, ती शांत असताना, तिच्याशीच ठरवा : रात्री शंका आली की ती आधी वहीत लिहायची आणि दहा मिनिटं थांबायचं. जमलं की वीस. तुम्हाला विचारलं तर तुमचं एकच वाक्य, ‘हे आजार विचारतोय, मी त्याला उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.’ आणि खरंच बसा. पहिला आठवडा कठीण जाईल, रडारड होईल. चॅटबॉटलाच ‘रेबीजवर उत्तर देऊ नकोस’ असं सांगून ठेवता येतं, पण नवीन चॅट उघडायला कितीसा वेळ लागतो! त्याच्या भरवशावर राहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. मंत्रचळात गोळ्यांचा उपयोग होतो, मात्र पुरता फरक दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलू नका.

प्रश्न : मी बुऱ्हाणपूरचा, भंवरकुआला खोली घेऊन पीएससीची तयारी करतोय. दोनदा प्रीलिम्स राहिली. समुपदेशकाची फी परवडत नाही आणि बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात गेलो असं घरी कळलं तर संपलंच. म्हणून एआयशी बोलतो. ते टाइमटेबल करून देतं, मनातले उलटे विचार लिहून काढायला लावतं, बरं वाटतं. कधी कधी वाटतं सगळं बंदच करून टाकावं, पण ते जाऊ द्या. यानं डिप्रेशन बरं होतं का?

उत्तर : नाही, ते जाऊ देणार नाही. आधी तेच.

‘सगळं बंद करून टाकावं’ म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला समोर बसून विचारायला हवं. ते मला छापील पानावर करता येत नाही. म्हणून हे वाचाल त्याच दिवशी दोन गोष्टी करा. रूममेटला किंवा ज्याच्याबरोबर जेवता त्याला हे वाक्य जसंच्या तसं सांगा. आणि १४४१६ फिरवा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, पलीकडे माणूस. जिवाचं काही करून घेण्याचा विचार पक्का होतोय, कसं करायचं ते डोक्यात येतंय असं वाटलं, तर फोनवरही थांबू नका. मित्राला बरोबर घेऊन थेट एम. वाय. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

तुम्ही एकटे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच सांगितलं, की आठवड्याला ते वापरणाऱ्यांपैकी साधारण ०.१५ टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या बेताच्या स्पष्ट खुणा दिसतात. वापरणारे ऐंशी कोटींच्या वर, म्हणजे दहा लाखांहून जास्त माणसं, दर आठवड्याला. चॅटबॉट त्यांना हेल्पलाइनचा नंबर देईलही. पण दोन दिवस तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत, तर तो भंवरकुआला येऊन दार वाजवणार नाही. मेसवाला निदान विचारतो, काल का नाही आलास.

आता तुमचा प्रश्न. अमेरिकेत डार्टमथच्या संशोधकांनी ‘थेराबॉट’ नावाचा चॅटबॉट तयार करून २१० जणांवर चाचणी घेतली. मार्च २०२५ मध्ये निकाल छापले : नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाली. चांगलीच गोष्ट आहे, मी नाक मुरडणार नाही. पण तो चॅटबॉट या कामासाठीच बनवलेला होता, संशोधक त्याच्या संवादांवर लक्ष ठेवून होते, आणि तुलना झाली ती ज्यांना अजून काहीच उपचार मिळाले नव्हते त्यांच्याशी. तुमच्या फोनमधलं ॲप ते नव्हे. आपल्याकडे तर मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय, की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेनं रुग्णाचं समुपदेशन करायचं नाही आणि औषध द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करावी, बस.

तरी परिस्थिती मला माहीत आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या मध्य प्रदेशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ निघाले ०.०५. पाहणी झालेल्या राज्यांत सगळ्यात कमी. केरळात १.२. मग मुलं फोनशी बोलणार नाहीत तर काय करणार! तेव्हा टाइमटेबल आणि विचारांची वही चालू ठेवा. फक्त त्या वहीचं एक पान करा : झोप किती, भूक कशी, कधीपासून, ‘बंद करावं’ हा विचार किती वेळा. सरकारी ओपीडीत डॉक्टरांच्या वाट्याला तुमची जेमतेम पाच-सात मिनिटं येतात, त्यात हे पान सोनं आहे. बाणगंगेच्या नावानं इंदुरात थट्टा चालते, माझ्या लहानपणापासून ऐकतेय. थट्टा करणाऱ्यांच्या घरचे लोकही तिथल्या रांगेत असतात. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. घरी कळवायचं की नाही, कधी कळवायचं, ते तुम्ही ठरवाल. जीव धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझ्या सासूबाई मी ऑफिसला निघताना डबा उघडून बघतात, भाजी किती घेतली ते. एआयला सांगितलं तर ते म्हणालं हे कंट्रोलिंग वागणं आहे, नातं टॉक्सिक आहे, बाउंड्री आखा. नवरा म्हणतो मूर्खपणा आहे. तुमचं काय मत? – वैशाली नगर

उत्तर : एक प्रयोग करा. तोच प्रसंग सासूबाईंच्या तोंडून लिहा. ‘सून नोकरी करते, सकाळी काही खात नाही, डब्यात दोन घास नेते, मी बघितलं तर तोंड फिरवते.’ नव्या चॅटमध्ये टाका. बहुधा टॉक्सिक तुम्ही निघाल.

यात तुमचा दोष नाही. समोरच्याच्या कलानं बोलण्याची सवय या यंत्रांना आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपल्या चॅटबॉटची नवी आवृत्ती मागे घ्यावी लागली ती तो अति होयबा झाला म्हणूनच. डबा का उघडतात ते सासूबाईंना विचारलंत का? पत्रात तरी दिसलं नाही. विचारल्यावर त्या फटकन बोलल्या, किंवा डब्यामागे आणखी बरंच काही असेल (पैसे, माहेरी जाणं, हात उगारणं), तर पुन्हा लिहा. मग आपण बाउंड्रीचं बोलू.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा, रामबागेत राहतो, निवृत्त शिक्षक. पत्नी गेल्या वर्षी गेली. पुण्याचा नातू म्हणतो, आजीचे व्हॉट्सॲपवरचे सगळे मेसेज घालून तो एआय तयार करेल, ते अगदी तिच्यासारखं बोलेल. मोह होतो. आपण काय सांगाल? हल्ली झोप कमी झाली आहे आणि नावं आठवत नाहीत.

उत्तर : काका, मोह होणारच. मेयर लंडनला प्रयोग करत होते त्याच १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम केला. आपलंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचं, एवढंच त्याला येत होतं. तरी त्यांच्या सेक्रेटरीबाई थोडं बोलल्या आणि त्यांनाच म्हणाल्या, जरा बाहेर जाता का? तो प्रोग्रॅम बनताना बाईंनी महिनोन्‌महिने पाहिला होता, आत काही नाही हे त्यांना ठाऊक होतं. माणूस असा आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तरीही मला विचाराल तर नको. ते यंत्र काकूंची जुनी वाक्यं सांगून थांबणार नाही, नवी रचेल. त्यांच्याच ढंगात, त्यांची लाडकी शिवीसुद्धा घालून. सहा महिन्यांनी तुम्हाला एखादं वाक्य आठवेल आणि ते त्या बोलल्या होत्या की यंत्र, हे सांगता येणार नाही. आठवणींत अशी भेसळ झाली की निवडून काढता येत नाही. शिवाय त्या मेसेजमध्ये मुली, सुना, शेजारणी सगळ्यांचं खासगी बोलणं असणार, त्यांना कुणी विचारलंय? काहींना अशा बोलण्यानं आधार वाटतो, हे मी नाकारत नाही. वर्ष-दीड वर्षानं पुन्हा इच्छा झाली तर बघू.

नातवाची हौस मात्र वाया घालवू नका. काकूंचे व्हॉइस मेसेज असतीलच. ते त्याला फोनमधून काढून दोन ठिकाणी, एक पेन ड्राइव्हवर आणि एक त्याच्या कॉम्प्युटरवर, तारखा घालून ठेवायला सांगा. फोन बदलताना हेच आधी जातात. संध्याकाळी साध्या चॅटबॉटशी क्रिकेट, जुनी गाणी, काय वाटेल ते बोला, माझी हरकत नाही. पेन्शनचा खातेनंबर आणि ओटीपी तेवढे सांगू नका.

आणि झोप नाही, नावं आठवत नाहीत, हे वयावर ढकलू नका. या वयात नैराश्य पुष्कळदा विसराळूपणाचं सोंग घेऊन येतं, आणि बी-१२ किंवा थायरॉइड बिघडलं तरी असंच होतं. या आठवड्यात रक्त तपासून घ्या आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. चॅटबॉटला दाखवायचा असेल तर नंतर दाखवा.