व्हिडिओ ‘भारतात उपलब्ध नाही’: आदेश कुणाचा, दाद कुठे?

प्रश्न: आम्ही तिघं तालुक्याच्या बातम्यांचं यूट्यूब चॅनेल चालवतो. रस्त्याच्या निकृष्ट कामावरचा व्हिडिओ सरकारी आदेशावरून भारतात बंद केल्याचा ई-मेल आला. आदेशाची प्रत नाही, कारणही नाही. बातमी ज्यांच्यावर होती ते ‘बदनामी झाली’ म्हणतात. काय करावं? – एक वाचक, कराड

उत्तर: आधी आदेशाचं कलम शोधा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-ए लावलं असेल, तर त्यात मोजकीच कारणं बसतात: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. बदनामी त्यात नाही. रस्त्याच्या खड्ड्यांची बातमी या यादीत कशी बसवली, हाच तुमचा पहिला मुद्दा.

दुसरी वाट त्याच कायद्याचं कलम ७९(३)(ब). या वाटेनं केंद्राप्रमाणे राज्यातली यंत्रणा, पोलिसही, थेट प्लॅटफॉर्मला नोटीस पाठवू शकतात. त्यासाठी ‘सहयोग’ पोर्टल आहे. नोटीस मानली नाही तर इतरांनी टाकलेल्या मजकुरासाठी जबाबदार न धरण्याचं प्लॅटफॉर्मचं कायदेशीर संरक्षण जाऊ शकतं. त्यामुळे कंपन्या वाद न घालता व्हिडिओ काढतात.

६९-एखालच्या २००९ च्या नियमांतला खरा घोळ एका शब्दात आहे. नियम ८ नुसार मजकूर टाकणारी व्यक्ती ‘किंवा’ मध्यस्थ यांना नोटीस देऊन उत्तरासाठी किमान ४८ तास द्यायचे असतात. व्यवहारात नोटीस मध्यस्थालाच, म्हणजे यूट्यूबला जाते, आणि पत्रकाराला कळतं ते व्हिडिओ गेल्यावर. श्रेया सिंघल निकालात (२४ मार्च २०१५) सर्वोच्च न्यायालयानं मात्र स्पष्ट म्हटलं आहे की मूळ व्यक्तीची ओळख पटत असेल तर तिचंही ऐकलं पाहिजे. म्हणून चॅनेलच्या माहितीत कार्यालयाचा पत्ता आणि रोज उघडला जाणारा ई-मेल ठेवा. ‘ओळख पटली नाही’ ही सबब मग टिकत नाही.

आता कामाचं. ई-मेल हेडरसह (कुणी, कधी पाठवला याच्या तांत्रिक नोंदीसह) जतन करा. यूआरएल, प्रसारणाची तारीख-वेळ आणि बंद झाल्याची वेळ लिहून ठेवा. कॅमेऱ्यातली मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर काढा. यूट्यूब स्टुडिओतून उतरवलेली प्रत कमी दर्जाची असते. तोच व्हिडिओ दुसऱ्या नावानं पुन्हा चढवू नका, चॅनेलवरच कारवाई होऊ शकते. मग कलम, अधिकारी आणि आदेशाची तारीख यूट्यूबकडे लेखी मागा. प्रत व सुनावणीसाठी माहिती व प्रसारण आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान, अशा दोन्ही मंत्रालयांना लिहा. नियम १६ मधल्या गोपनीयतेचं कारण पुढे केलं जाईल. तरीही हुंड्याची ‘किंमत’ काढणाऱ्या, सरकारनं बंद केलेल्या उपहासात्मक संकेतस्थळाच्या मालकाला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये बजावलं होतं. अर्जात त्याचा हवाला द्या.

उत्तर आलं नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. सातारा जिल्ह्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायची गरज नाही.

प्रश्न: पीआयबीनं (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं) बातमीला ‘फेक’ म्हटलं, तर ती काढावीच लागते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. केंद्राच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा ठरवायचा अधिकार सरकारी फॅक्ट चेक युनिटला देणारी माहिती तंत्रज्ञान नियमांतली २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. पीआयबीचा शिक्का म्हणजे सरकारची बाजू. ती बातमीत जोडा, आपली कागदपत्रं तपासा, आणि चूक सापडली तर तारखेसह दुरुस्ती छापा.