आइसलँड किती कार्बन पुरू शकेल?

प्रश्न : आइसलँडमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा दगड बनवतात, असे वाचनात आले. जेमतेम चार लाख वस्तीच्या या देशामुळे जगाचा भार कितपत हलका होईल? सह्याद्रीही त्याच काळ्या पाषाणाचा आहे, तर हे आपल्याकडे जमेल काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वायू पकडणे आणि तो पुरणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. त्यांची गल्लत झाली की आइसलँडच्या क्षमतेविषयी भलत्याच अपेक्षा निर्माण होतात.

पुरण्याचे काम त्या देशाला उत्तम साधले आहे. राजधानी रेक्याविकजवळच्या हेल्लिशेइदी भूऔष्णिक केंद्रात वाफेबरोबर वर येणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून, म्हणजे जवळजवळ सोडावॉटर करून, खोल बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या पाषाणात, सोडला जातो. हे आम्लधर्मी पाणी खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह विरघळवते आणि त्यांच्याशी संयोग होऊन वायूचे कार्बोनेट खनिज बनते. ‘कार्बफिक्स’ प्रकल्पात २०१२ मध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर या क्रियेला शतके लागतील अशी समजूत होती. बोअरमधून काढलेल्या नमुन्यात काळ्या दगडाच्या छिद्रांत भरलेले पांढरे कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियमचे कार्बोनेट, नुसत्या डोळ्यांनी दिसते. अशा खडकाची तिथे वाण नाही. अभ्यासकांचे अंदाज शेकडो अब्ज टनांच्या घरात जातात.

खरी अडचण पकडण्यात आहे. हवेत या वायूचे प्रमाण केवळ ०.०४ टक्के असल्याने प्रचंड हवा पंख्यांनी ओढावी लागते आणि शोषक पदार्थ तापवून त्यातून वायू सोडवावा लागतो. टनामागे दोन हजार युनिटांच्या आसपास किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते. तिचा मोठा हिस्सा उष्णतेचा असतो आणि ती तिथे जमिनीतूनच मिळते, हे आइसलँडचे भाग्य. तरीही हवेतून वायू पकडणाऱ्या, २०२४ मध्ये तिथे सुरू झालेल्या ‘मॅमथ’ संयंत्राची पूर्ण क्षमता वर्षाला ३६,००० टन आहे, आणि जग इंधने जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन वायू सोडते. म्हणजे हे संयंत्र वर्षभर पूर्ण ताकदीने चालले, तरी जगाच्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब फिटेल. त्याआधीचे, २०२१ मधील ‘ओर्का’ संयंत्र ४,००० टनांच्या जाहीर क्षमतेपर्यंतही पोहोचलेले नाही. शिवाय देशाची सुमारे दोन-तृतीयांश वीज ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना जाते, त्यामुळे ‘स्वच्छ वीज मुबलक आहे’ हे म्हणणे जपूनच घ्यावे. म्हणून या देशाची क्षमता खडकावरून मोजण्यापेक्षा विजेवरून मोजणे मला अधिक योग्य वाटते.

पाणीही विसरून चालणार नाही. एक टन वायू विरघळवण्यासाठी सुमारे २५ टन पाणी लागते. इतर देशांतून जहाजाने वायू आणून हाबनारफ्योर्दुर येथे वर्षाला ३० लाख टनांपर्यंत पुरण्याची योजना होती. तिला तिथल्या रहिवाशांचा कडवा विरोध झाला आणि २०२५ मध्ये ती जागा सोडून द्यावी लागली.

आता आपल्या दख्खनविषयी. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा बेसाल्ट रासायनिकदृष्ट्या योग्यच आहे, परंतु तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे, तर आइसलँडमध्ये जिथे वायू सोडतात तिथला खडक भूशास्त्राच्या मापाने अगदी ताजा आहे. पुणे-नाशिक भागात विहीर खणताना दगडाच्या पोकळ्यांत जे पांढरे, गुलाबी झिओलाइटचे स्फटिक सापडतात, तेच सांगतात की आपल्याकडची बरीच छिद्रे निसर्गाने आधीच बुजवली आहेत. त्यामुळे वायू आत किती शिरेल, हे ठिकाणागणिक बोअर घेऊनच ठरवावे लागेल. आपण साताऱ्याचे असल्याने आणखी एक गोष्ट सांगतो : हेल्लिशेइदीजवळ २०११ मध्ये केंद्राचे सांडपाणी जमिनीत परत सोडताना जाणवण्याजोगे भूकंप झाले होते, आणि १९६७ चा धक्का सोसलेल्या कोयनेच्या परिसरात असा प्रयोग सुचवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. त्याऐवजी मराठवाड्याचा विचार करावा म्हटले, तर टनामागे २५ टन पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न तिथे सर्वात आधी उभा राहील.